बिनकातड्याचा तबला

काकांनी माझा डग्गा नानांच्या काठीनं ढकलत ढकलत कोठीच्या खोलीत नेला. हात लावला नाही. काठीचं टोक कडेला टेकवून रेटा दिला की डग्गा कलंडायचा, भिंतीवर आपटायचा आणि घुमायचा. नाना जाऊन तिसरा दिवस होता. घरातला त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आवाज सुतक पाळण्यातून निघाला.

"काका, पुडी फाटेल," मी कोपऱ्यातून म्हणालो.

"फाटली तर नवी येते. क्रियेला बसलेल्याच्या नजरेसमोर कातडं नको."

मी कांबळ्यावर बसलो होतो. कमरेला पंचा, वाढलेली दाढी, शेजारी तांब्या. दहावा होईपर्यंत मला कुणी शिवायचं नव्हतं आणि आंघोळीपुरतं सोडलं तर कांबळं रिकामं ठेवायचं नव्हतं. एरवी मी बी.ए. होतो आणि असल्या रूढींबद्दल चहा पिता पिता पुष्कळ बोलत असे. पण आईनं एकदाच विचारलं होतं, "बसशील ना?" आणि मी बसलो होतो.

त्र्यंबककाका हे नानांचे धाकटे भाऊ. साताऱ्याला निबंधक कचेरीत आयुष्यभर लोकांचे दस्त नोंदवून निवृत्त झालेले. तार मिळाल्यावर ते लगेच निघाले, पण वाटेत एस.टी. बिघडली आणि ते तासगावात पोचले तेव्हा आम्ही ओल्या कपड्यांनी स्मशानातून परतत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाठ पडली. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. हातातली पिशवी तशीच धरून आमच्या मागून चालत आले, आणि उंबरठा ओलांडल्याबरोबर म्हणाले, "दिव्याची वात दक्षिणेकडे नको का?" तेव्हापासून घराचा कारभार त्यांच्याकडे होता. कोणतं भांडं चुलीवर चढेल, फोडणी घालायची की नाही, आलेल्या माणसानं कुठे बसायचं, ह्या सगळ्याला काकांची मंजुरी लागे. ते मंजुरी देत नसत.

माझी अडचण निराळी होती. कोल्हापूरच्या एका संगीत विद्यालयात तबल्याच्या साथीदाराची कायम जागा निघाली होती आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मी तोपर्यंत गावातल्या मुलांना त्रिताल शिकवत होतो. मुलं दोन महिन्यांत कंटाळायची, त्यांचे वडील एका महिन्यात. माझं वय एकोणतीस होतं आणि जागेची अट तिशीच्या आतली होती. म्हणजे ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. अर्ज टाकायला नाना स्वतः पोस्टात गेले होते, कारण मी पत्ता नीट लिहीत नाही असं त्यांचं मत होतं. मुलाखत नेमकी दहाव्याच्या आदल्या दिवशी आली.

काकांपुढे हे मांडलं तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. निबंधक कचेरीत पूर्ण ऐकून घ्यायची पद्धत असावी.

"क्रियेला बसलेला माणूस वेस ओलांडत नाही," ते म्हणाले. "आणि तिथे जाऊन तू करणार काय? कातड्यावरच हात ठेवणार ना?"

 मी आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, नव्या उघड्या कपाळानं. तिनं हो म्हटलं असतं तर मी त्याच क्षणी कांबळं गुंडाळलं असतं. तिनं नाही म्हटलं असतं तरी सुटलो असतो.  कांबळं रिकामं राहिलं तर नाना वाटेत तहानलेले राहतील हे तिला खरं वाटत होतं, आणि ही जागा गेली तर मी आयुष्यभर तसाच राहीन हेही तितकंच खरं वाटत होतं.

संध्याकाळी गुरुजी गरुडपुराण वाचायला येत. त्या दिवशी पोथी बांधून ते उठले तशी आई आतल्या दारातून म्हणाली, "गुरुजी, ह्याला नक्की काय काय चालत नाही?"

गुरुजींनी सांगितलं. गादी नाही, तेल नाही, आरसा नाही, कातडं नाही, मंगल वाद्य नाही.

"आणि रबर?"

गुरुजींनी जरा विचार केला. "शास्त्रात रबराचा उल्लेख नाही."

"पत्रा?"

"पत्र्याचाही नाही."

गुरुजी गेल्यावर काका म्हणाले, "वहिनी, तुमच्या मनात काय आहे ते स्पष्ट सांगा."

"जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, भावजी," आई म्हणाली. "पण इतके दिवस बसून ह्याचे हात आखडायला नकोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात गेली. मागचं दार उघडं होतं आणि मला कांबळ्यावरून पेरूच्या झाडाला टेकवलेली नानांची सायकल दिसत होती. आईनं ती आडवी केली आणि पुढच्या चाकाचं टायर उलथण्यानं उचकटायला लागली. ते काही निघेना. काका न्हाणीच्या दाराशी उभे राहून बघत होते.

"दादाची सायकल आहे ती," ते म्हणाले.

"आता कोण बसणार आहे तिच्यावर?"

काकांनी आपला विरोध तोंडी नोंदवला. मग खाली बसले, तिच्या हातातलं उलथणं घेतलं आणि टायर काढून दिलं.

तबला कसा असतो हे आईला रोज बघून माहीत होतं, पण आतून कसा असतो हे तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं डालड्याचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. तोंडावर सायकलची ट्यूब उभी चिरून ताणली आणि नाड्यानं आवळून बांधली. ट्यूबचा एक पट्टा तोंडाला पुरला नाही म्हणून दोन पट्टे पंक्चरच्या सोल्युशननं जोडले. मी वाजवून पाहिलं तर डबा असा ठणकला की समोरच्या घराची खिडकी उघडली. आईनं रबर सोडलं. डब्यात तळाला वाळू घातली, म्हणजे तो हलणार नाही, आणि वर एक उशी फोडून तिचा कापूस दाबून दाबून भरला. पुन्हा बांधलं. आता बोट मारलं की नुसता बोटाचा भास व्हायचा. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईच्या जागी तिनं रबराची एक गोल चकती चिकटवली. ती नेमकी मध्ये यावी म्हणून वाटी उपडी ठेवून खडूनं गोल काढला होता.

डग्ग्यासाठी वरणाचं पातेलं गेलं. त्यावर ट्यूब पुरेना, तेव्हा तिनं जुन्या खुर्चीच्या बैठकीचं रेक्झिन कापायला घेतलं. इथे काका आडवे आले. रेक्झिन हे कातडं नाही हे त्यांना मान्य होतं, पण ते कातड्यासारखं दिसावं म्हणूनच केलेलं असतं, म्हणजे त्यामागचा हेतू शुद्ध नाही, असं त्यांचं म्हणणं. आईनं रेक्झिन ठेवून दिलं आणि सायकलच्या मागच्या चाकाला हात घातला. ते टायर काकांनी न सांगता काढलं.

डबा आणि पातेलं खाली नीट बसावं म्हणून चुंबळी लागतात. त्या तिनं नानांच्या मफलरच्या केल्या, मधोमध कापून. 

असा तो तबला माझ्या कांबळ्यापुढे येऊन बसला. मी तोंडानं बोल पुटपुटायचो आणि हात चालवायचो. आवाज असा काही नाहीच. फक्त कधी एखादं बोट जोरात पडलं तर कुणीतरी शेजारच्या खोलीत भाकरी थापल्यासारखं वाटे. काका त्याकडे पाठ करून बसत. मी कोल्हापूरला जाणार नव्हतो, त्यामुळे ह्यात त्यांना धोका वाटत नव्हता.

पहिली आली ती समोरची गोदूमावशी बर्वे, खिडकी उघडणारी. भेटायला आलेलं माणूस बसतं तशी ती गुडघे पोटाशी घेऊन बसली, थोडा वेळ उसासली आणि मग तिची नजर डब्यावर गेली. माझे हात आपोआप थांबले.

"हे काय म्हणायचं?" तिनं काकांना विचारलं.

आता खरं उत्तर असं होतं की बाप जाऊन आठवडा झालेला नाही आणि पोरगा नोकरीसाठी तबल्याचा रियाज करतोय. गोदूमावशीला हे सांगणं म्हणजे भोंगा लावण्यासारखं होतं. काकांचा चेहरा मला दिसत होता. आयुष्यात ह्या माणसानं मुद्रांक कमी लावलेला कागद कधी नोंदवून घेतला नव्हता.

"आमच्यात असतं हे," काका म्हणाले.

"अस्सं," गोदूमावशी म्हणाली. थोड्या वेळानं अपराधी आवाजात म्हणाली, "आमच्यात नाही हो."

माझ्याकडे न बघता काकांनी हातानं खूण केली, चालू ठेव. मी चालू ठेवलं. मावशीनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली. जाऊ चौकस होती. पाचही बोटं का, असं तिनं विचारलं. पाच बोटं म्हणजे पंचप्राण, काका म्हणाले. आणि दोन भांडी? उजवं देवांचं, डावं पितरांचं. एकदा खोटा दस्त केल्यावर त्याला परिशिष्टं जोडावी लागतात, तसं ते चाललं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. सुतकात एकभुक्त असतात, तेवढंही नाही.

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. दुपारची जेवणं झाली की माणसं येऊ लागली. पूर्वी नानांच्या आठवणी काढून, पंख्याकडे बघून पाच मिनिटांत उठणारे लोक आता अर्धा अर्धा तास बसायचे. कुणीतरी डब्यासमोर झेंडूचं फूल ठेवून गेलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या मुलाला तिथल्या तिथे बजावलं, माझ्या वेळी हे राहायला नको. आमच्या अप्पांच्या वेळी कुणी सांगितलंच नाही, असं दुसरं कुणीतरी स्वतःशीच म्हणालं. सात-आठ माणसं खाली मान घालून समोर बसलेली आणि मी त्रितालातला बोलांचा कायदा घोटतोय, असे ते दिवस गेले. इतके एकाग्र श्रोते मला नंतर कधी मिळाले नाहीत.

आतल्या आत मला हसू येत होतं असं मी सांगितलं तर ते शोभून दिसेल. पण तसं नव्हतं. मी फक्त मात्रा मोजत होतो आणि दिवस मोजत होतो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी निकम आले. मारुतीच्या देवळामागे राहणारे दत्ताजीराव निकम, एस.टी.त कंट्रोलर होते. नानांची आणि त्यांची वाचनालयातल्या बाकावरची ओळख. एक जण पेपरचं पहिलं पान वाचायचा तेव्हा दुसरा शेवटचं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसले. मी हात चालवत होतो. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. बाकीचे लोक उठून गेले तरी ते उठले नाहीत. खोलीत काका, मी आणि ते, एवढेच उरलो.

"त्र्यंबकराव, एक इचारायचं हाय."

"विचारा की."

"हे मागनं करता येतंय का?"

काकांना कळलं नाही.

"म्हंजे दिवस उलटून गेल्यावर. आमच्या संजयचं राहून गेलंय."

संजय निकम माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता. विट्याच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

"पोराचं बापानं करायचं नसतंय म्हणले सगळी," निकम म्हणाले. "पुतण्यानं केलं. पाणी त्यानंच पाजलं, अग्नी त्यानंच दिला. मला अंगणात खुर्ची टाकून दिली. चा आणून दिला. दोन माणसं दोन बाजूला, मी उठू नये म्हणून." ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते. "माझ्या हातानं कायबी झालं न्हाई, त्र्यंबकराव. हात नुसतं मांडीवर."

काकांचे हातही मांडीवर होते. मग मला दिसलं की ते खरं सांगायच्या बेतात आहेत. श्वास घेऊन त्यांनी गळा साफ केला, कचेरीत हरकत नोंदवताना करत असतील तसा. ते बोलले असते तर संध्याकाळपर्यंत गाव दारात आलं असतं. आणि ते बोलले नसते तर समोर बसलेल्या माणसाला डालड्याचा डबा देव म्हणून द्यावा लागला असता. मला दोन्ही नको होतं.

"येतं," आई म्हणाली.

ती बाहेरच्या खोलीच्या दारात उभी होती. सुतकात असलेली बाई अशी पुरुषांपुढे येत नाही. निकम उठायला लागले, तिनं हातानंच त्यांना बसवलं.

"मागनं करता येतं, निकमभाऊ. तुम्ही बसा." मग मला म्हणाली, "हेरंब, तू पलीकडे सरक."

मी कांबळ्याच्या कडेला सरकलो. निकम डब्यापुढे मांडी घालून बसले. मला शिवायचं नाही म्हणून त्यांनी शर्टाची बाही आवरून घेतली होती. काय म्हणायचं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, धा धिं धिं धा. ते हसले नाहीत. त्यांनी ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं आणि विचारलं, "किती वेळा?"

"तुम्हाला वाटेल तितकं."

मी फरशीवर हात टाकून दाखवत होतो आणि ते बघून रबरावर हात टाकत होते. बोटं जाड, एकत्र पडणारी. सुरुवातीला ते चाचपडले. दोन धिं एकमेकांवर चढायचे, शेवटचा धा गळायचा. मग कधीतरी त्यांनी माझ्या हाताकडे बघणं सोडलं. त्यांचा हात असा जड पडायला लागला की इतके दिवस मुका असलेला तो डबा वाळूकापसासकट बोलू लागला. धप, धप. गल्लीपर्यंत जाईल असा आवाज. सुतकात आवाज नको, हा नियम काकांनीच घातला होता. मी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. काका तिथून चार हातांवर बसले होते. ते दार लावायला उठले नाहीत.

निकम रडत होते, पण हात थांबत नव्हते. उलट रडण्यानं त्यांची लय सुधारली. "धा धिं धिं धा," ते म्हणत, आणि मधेच, "संजा," आणि पुन्हा, "धा धिं धिं धा." ऊन ओसरीवरून खाली उतरलं. माझा शेवटचा रियाजाचा दिवस असा गेला.

ते थांबले ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर नाही, मधेच कुठेतरी. शिकवताना मी हे कुणालाही माफ केलेलं नाही. त्यांनी परसात जाऊन हात धुतले, टोपी घातली. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. पुन्हा त्या घरात त्याच कारणानं यावं लागू नये म्हणून.

"येतो," निकम म्हणाले. काकांनी हटकलं नाही.

दिवेलागणीला काका माझ्यासमोर येऊन बसले. बराच वेळ धोतराचा सोगा सारखा करत होते.

"उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे?"

मी सांगितलं.

"कांबळं रिकामं ठेवता येत नाही," काका म्हणाले. "त्याला मुखत्यार चालतो. मी दादाचा सख्खा भाऊ आहे, मलाही सुतक आहे. उद्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत क्रिया माझ्याकडे. तेवढा वेळ तू क्रियेला बसलेला नाहीस. म्हणजे वेशीचा प्रश्न येत नाही. कातड्याचाही येत नाही. आल्यावर बाहेरच्या बाहेर आंघोळ करायची आणि ताबा परत घ्यायचा."

मी विचारलं, गुरुजींना विचारून घ्यायचं का.

"मुळीच नाही. मी कचेरीत जन्म काढलाय. विचारलं की माणूस नाही म्हणतो. आपण होऊन कोण अडवायला येत नाही." मग म्हणाले, "वहिनींना सांग."

सांगावं लागलं नाही. आई आत ट्रंकेतून माझा एकुलता एक इस्त्रीचा शर्ट काढत होती.

सकाळी काकांनी आंघोळ केली, पंचा नेसला आणि मी उठलो त्याच क्षणी कांबळ्यावर बसले. मधे जागा रिकामी राहिली नाही. मी वाढलेल्या दाढीनं, रबरी चपला घालून निघालो. आईनं दारातून पाहिलं. सुतकात कपाळाला काही लावत नाहीत, हातावर दही देत नाहीत. तिनं फक्त माझ्या शर्टाची कॉलर सरळ करायला हात पुढे केला, शिवायचं नाही हे तिला आठवलं, आणि हात मागे घेतला. मी स्वतःच कॉलर सरळ केली.

मुलाखतीला तीन माणसं होती. माझा अवतार बघून त्यांच्यातल्या एका वयस्क गायिकाबाईंनी विचारलं, कोण? वडील, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि तंबोरा जवळ ओढला. मी खऱ्या तबल्यावर पहिला 'ना' हा बोल मारला आणि दचकलो. इतके दिवस कापसात मुरलेलं बोट, आणि त्यातून असा सरळ, उघडा आवाज आला. बाईंनी विलंबित ख्याल लावला. मी त्या चार-पाच दिवसांत जे कायदे घोटले होते ते वाजवायची वेळच आली नाही. नुसता ठेका धरला. बाई गात राहिल्या, मी धरून राहिलो. कितीतरी वेळानं कुणीतरी म्हणालं, पुरे.

ती जागा मला मिळाली. पुढची सगळी वर्षं मी त्याच विद्यालयात काढली आणि आज निवृत्तिवेतन त्याचंच खातो. पण त्या दिवशी ते फक्त "कळवू" म्हणाले होते आणि मी परतीच्या गाडीत उभा राहून आलो होतो.

तासगावात उतरलो तेव्हा सूर्य मावळून थोडा वेळ झाला होता. मागच्या दारानं परसात गेलो, हौदाचं गार पाणी डोक्यावरून घेतलं, पंचा गुंडाळला. आई मोरीशी उभी होती.

"झालं?"

"कळवू म्हणालेत. वाजवणं बरं झालं."

तिनं मान हलवली आणि बाहेरच्या खोलीकडे बोट केलं.

काका कांबळ्यावर होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दिव्याच्या उजेडात त्यांचे दोन्ही हात रबरावर चालले होते. ताल कोणता ते सांगता येत नव्हतं. धा धिं धिं धा असं ते हळू म्हणत होते, पण मधे एखादा धिं जास्तीचा यायचा, एखादा राहून जायचा, आणि मग थोडा वेळ हात नुसतेच टेकलेले असायचे. दस्तावर शिक्का मारणाऱ्या माणसाचा हात, वरून सरळ खाली येणारा.

मी जवळ गेलो. मग म्हणालो, "काका, मी आलोय. उठा आता."

त्यांनी वर पाहिलं नाही.

"सूर्य मावळला. मुखत्यारी संपली तुमची."

"ती मघाशीच संपली," काका म्हणाले. "हे दादाचं माझं चाललंय. तू जरा थांब."

मी थांबलो. कांबळ्याबाहेर, उघड्या फरशीवर बसलो. त्यांचा हात पुन्हा पडायला लागला तसा मी मांडीवर हलकेच टाळी धरली. ते चौथ्या मात्रेला अडखळले, तिथे मीही अडखळलो. त्यांनी एक मात्रा जास्तीची घेतली. मी ती मोजली, आणि त्यांच्यासाठी सम पुढे सरकवली.